साखर एकशे चार

४ फेब्रुवारी, मंगळवार

पावडरवाल्या कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देतो आणि ती दरवर्षी फोनशेजारी पडून राहते. यंदा मी उचलून माझ्या खोलीत आणली. काही गोष्टी पोटात राहत नाहीत आणि या घरात ओठांवर आणायची सोय नाही, कारण ज्याच्याजवळ तोंड उघडावं तो धाकटीचं कौतुक सुरू करतो.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दात बनवतो. खाली घर, वर कारखाना. हे धातूचं आणि प्लास्टरचं काम बघतात. भाऊजी दवाखान्यांतून साचे आणतात आणि तयार दात पोचवतात. आणि चिनी मातीचा दात, जो हसताना जगाला दिसतो, तो मी करते. बावीस वर्षं करते आहे. पावडर कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं आणि खिडकीशी नेऊन रंग ताडून बघायचा. दाताचा रंग कळायला उत्तरेच्या खिडकीचाच उजेड लागतो, दिव्याखाली सगळेच दात गुणी दिसतात. म्हणून खिडकीचं टेबल ज्याचं, त्याचा शब्द शेवटचा. ते टेबल माझं आहे. सासऱ्यांनी हयात असताना स्वतः उठून मला दिलं होतं.

धाकटीची नोकरी गेली म्हणून दीड वर्षापूर्वी मीच तिला हाताशी घेतलं. ब्रश कसा धरायचा तेही मीच शिकवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर एका बाईंना रंग जुळवायला घेऊन आले होते. बाईंनी धाकटीकडे बघत मला विचारलं, "ही तुमची मुलगी का?" मी सत्तेचाळीस, ती एकोणचाळीस. धाकटी म्हणाली, "नाही हो, ताई माझ्या थोरल्या जाऊबाई." आणि हसली. बोलली त्याचं मला काही नाही. हसायला नको होतं.

११ फेब्रुवारी

मागवलेल्या कॅप्सूल आल्या. डबीवर लिहिलंय की चेहऱ्याला तजेला येतो, सुरकुत्या कमी होतात, वजनही उतरतं. नाव लांबलचक आहे, अल्फा अमुक ॲसिड. खाली स्वच्छ लिहिलंय की हे औषध नाही, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नाही. रोज एक घ्या म्हणतात. मी दोन घेणार, मला आठ वर्षं भरून काढायची आहेत. डबी पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवलीय. धाकटीला दिसली तर पुन्हा हसेल.

२ मार्च

जेवताना हे म्हणाले, "डॉक्टरांचा फोन होता. तो सुळा कोणी केला विचारत होते." मी घास थांबवला. सुळा धाकटीचा होता. "म्हणाले, आता धाकट्या वहिनींना खिडकीपाशी बसवा." सगळे हसले. मीही हसले. माझं हसणं जरा जास्तच लांबलं असावं, सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

सुळा मी नंतर साच्यावर बघितला. चांगला होता. टोकाशी जी किंचित निळसर झाक लागते तीही होती. ती मी तिला शिकवलेली नव्हती. कुठून आणली कोण जाणे.

२६ मार्च

दुपारी चारला विचित्रच झालं. समोरच्या दाताचा शेवटचा थर चढवत होते आणि ब्रशचं टोक थरथरायला लागलं. घाम असा फुटला की ओढणीने तोंड पुसावं लागलं. एका दाताचे दोन दिसायला लागले. आणि त्यात धाकटी पलीकडे गुणगुणत होती. रोजच गुणगुणते, पण आज वाटलं की उठावं आणि तिच्या हातातला ब्रश मोडून टाकावा. खणात बिस्किटं होती. चार खाल्ली, दहा मिनिटांत हात स्थिर झाला.

माणूस मनातल्या मनात इतकं जळलं तर हात थरथरणारच. यात माझी काय चूक.

५ एप्रिल

आज खालीच बसले जमिनीवर. धाकटी सांगते की तिने तीन हाका मारल्या आणि मी तिला "तुम्ही कोण" म्हणून विचारलं. मला काही आठवत नाही. तिने साखरेचं पाणी पाजलं, सासूबाईंचं साखर मोजायचं मशीन आणलं आणि माझं बोट टोचलं. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ तीच टोचते, तेव्हा तिचा हात त्यात बसलेला. आकडा आला त्रेचाळीस.

सासूबाई म्हणाल्या, "मला जास्त, हिला कमी. दोघींची मिळून एक धड बाई झाली असती."

यांनी मात्र लगेच निकाल दिला. "तू बरी होईपर्यंत खिडकीत धाकटीला बसू दे." बरी होईपर्यंत. मला आजार तरी कुठे झालाय, नुसती चक्कर आली. धाकटी यांना म्हणाली, "नको थोरले भाऊजी, मी माझ्या टेबलावर करते." हे म्हणाले, "रंग बघायला उजेड नको का?" मग ती बसली. पुरते दोन वेळा नाही म्हणायलाही तयार नव्हती.

११ एप्रिल

कचऱ्याच्या डब्यात मी केलेला तीन दातांचा ब्रिज सापडला, दोन तुकडे झालेला. त्याच रुग्णाचा ब्रिज परवा गेला आणि डॉक्टरांनी छान झालाय म्हणून कळवलं. म्हणजे माझा मोडला आणि स्वतःचा पाठवला. साच्याच्या तळाला पेन्सिलने खूण मात्र माझीच ठेवली होती, टिंब. ती रेघ काढते, मी टिंब काढते. माझ्या नावाखाली माल खपवायचा हा नवा प्रकार मला कळत नाही, पण चांगला खासच नाही.

चक्कर आता दिवसाआड येते. जेवल्यावर तीन-चार तासांनी, कधी भल्या सकाळी. मी गोड खात सुटलेय. कॅप्सूल चालू आहेत. एवढ्या अशक्तपणात निदान चेहरा तरी नीट राहावा.

१९ एप्रिल

तीन दिवस दवाखान्यात होते. हार्मोनच्या डॉक्टरीणबाई आहेत, बारीक आवाजाच्या, पण नजर पक्की. उपाशी ठेवलं, दर थोड्या वेळाने रक्त काढलं, पोटाचं स्कॅन केलं. स्वादुपिंडात गाठ असेल तर असं होतं म्हणाल्या. गाठ नाही. पण रक्तातलं इन्सुलिन इतकं निघालं की मशीनने मोजायचंच सोडून दिलं. निरोगी माणसाच्या शंभरपट असेल म्हणाल्या.

मग विचारलं, "घरात कोणी इन्सुलिन घेतं?"

"सासूबाई."

"कोण देतं?"

"माझी जाऊ."

त्यांनी लिहून घेतलं. कसली औषधं चालू आहेत का विचारलं, मी नाही म्हटलं. आणखी एक तपासणी लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलीय, निकालाला बराच वेळ लागेल. नंतर मला बाहेर बसवून यांच्याशी एकटं बोलल्या. हे बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला होता. मला कळायचं ते कळलं होतं.

२२ एप्रिल

सकाळचा चहा सगळ्यांना धाकटी करते. गेली दीड वर्षं मी तो पितेय. आज निरखून बघितलं तर कप माझ्यापुढे ठेवताना ती माझ्याकडे बघत नाही. चोराच्या मनात चांदणं. मी चहा बेसिनमध्ये ओतला. चारला चक्कर आलीच, पण कालचा अंश उरला असेल.

फ्रिजमधली इन्सुलिनची पेनं मोजली. चार. संध्याकाळी बघते तर हेही फ्रिज उघडून मोजत उभे. मला बघून दार लावलं. किती दिवसांनी वाटलं की हा माणूस माझ्या बाजूला आहे.

२५ एप्रिल

यांनी पेनं एका कुलपाच्या पेटीत घातली. शाबास म्हणेपर्यंत किल्ली धाकटीकडे दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पुरुषांना विचार असतो पण तो शेवटपर्यंत जात नाही.

माझ्याशी मात्र फार मायेने वागताहेत. काल झोपायच्या आधी माझ्या दंडावरून हात फिरवला, मग पोटावरून, मांडीवरून, अगदी हळूहळू, दिवा न मालवता. लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी डोळे मिटून पडून राहिले. धाकटीला कोणी असं बघत असेल का, असंही मनात आलं. भाऊजी तर आडवे झाले की घोरतात.

३ मे

आज बोलले. आणि पूर्ण शुद्धीत बोलले. दुपारी खाली जेवायला सगळे जमतात, त्याच्या आधी मशीन लावलं. एकशे चार. उद्या कोणी म्हणायला नको की मोठी आजारात बरळली.

सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर मी धाकटीला विचारलं, "मला काय देतेस?"

"हवं ते घ्या ना ताई, भाजी देऊ?"

"पानात नाही. चहात काय देतेस? इन्सुलिन तुझ्या हातात, चहा तुझ्या हातचा आणि खिडकीत बसतेस तीही तूच. मी गेले की तुझं सगळं सुरळीत."

भाऊजी उभे राहिले. हे म्हणाले, "गप्प बस." मी म्हटलं, बावीस वर्षं गप्पच बसलेय. माझा ब्रिज मोडून टाकल्याचंही सांगितलं, माझं टिंब वापरल्याचंही सांगितलं.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चढला नाही. म्हणाली, "ताई, इन्सुलिन पोटात गेलं की पचून जातं. म्हणून तर आईंना टोचावं लागतं."

बघा. उत्तर तयार होतं हिचं. मी तसं म्हटलंसुद्धा. सासूबाईंनी पान सारलं आणि म्हणाल्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." कोणीच जेवलं नाही. मी जेवले. मला जेवावंच लागतं.

४ मे

यांनी आज सगळं सांगितलं आणि न सांगते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं होतं की घरात तणाव आहे का, आणि ही स्वतःच इन्सुलिन टोचून घेत नसेल ना. काही माणसं घेतात म्हणे, कोणी लक्ष द्यावं म्हणून.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, माहीत नाही."

म्हणजे पेनं माझ्यापासून लपवली. किल्ली माझ्या हाती लागू नये म्हणून धाकटीला दिली. मी विचारलं, "त्या रात्री माझ्या अंगावर सुईच्या खुणा शोधत होतात?" हे उठून दाराकडे निघाले. चोवीस वर्षांचा संसार आणि माहीत नाही.

जाता जाता म्हणाले, "एकटी धाकटीच म्हणाली, ताई असलं काही करणार नाहीत." त्या एका वाक्याने मला जेवढी आग लागली तेवढी सुईच्या खुणांनीही लागली नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवायलाही हीच पुढे.

१२ मे

निकाल आला. बोलावलं होतं. माझ्याबरोबर कोण जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांना कामं आठवली, तेव्हा धाकटीनेच चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इन्सुलिन कोणी दिलेलं नाही, मी घेतलेलंही नाही. ते माझंच आहे. माझ्या शरीराने माझ्याच इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या आहेत. जेवल्यावर इन्सुलिन सुटलं की या अँटिबॉडी ते धरून ठेवतात. कामाला काही मिळत नाही म्हणून शरीर आणखी सोडतं, त्या तेही धरतात. मग तीन-चार तासांनी, काही कारण नसताना, धरलेलं सगळं सोडून देतात आणि साखर धाडकन खाली येते. फार थोड्यांना होतो हा आजार. पुष्कळदा एखाद्या गोळीमुळे सुरू होतो.

"मागे विचारलं तेव्हा औषध नाही म्हणालात. औषध राहू द्या. ताकदीची, चेहऱ्याची, वजनाची, कसलीही गोळी?"

मी धाकटीला म्हटलं, "जरा बाहेर बस." ती गेली. मग मी नाव सांगितलं. आठवत नव्हतं तर अल्फापासून सुरुवात केली, त्यांनी पुढचं पूर्ण केलं. अल्फा लिपोइक ॲसिड.

"रोज किती?"

"लिहिलंय एक. मी दोन घेत होते."

"का?"

"जाऊ आठ वर्षांनी लहान आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, आजपासून बंद. थोडं थोडं दिवसातून सहा वेळा खायचं, गोडावर तुटून पडायचं नाही, चक्कर आली तरच साखर. बहुतेकांना काही महिन्यांत आपोआप बरं वाटतं.

घरी आल्यावर सगळ्यांना आजार समजावून सांगावा लागला. कॅप्सूलचंही सांगावं लागलं, मात्र कशासाठी घेत होते त्याला अशक्तपणा हे कारण दिलं. धरून ठेवतात आणि भलत्या वेळी सोडतात, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आजारसुद्धा स्वभाव बघून येतो."

२० मे

मला माफ करण्यात आलंय. तशी बैठक वगैरे झाली नाही, पण घरात एक वाक्य फिरतंय: त्या दिवशी मोठी बोलत नव्हती, साखर बोलत होती. मेंदूला साखर कमी पडली की माणूस काहीही संशय घेतं, डॉक्टरही म्हणतात. हे दोनदा म्हणाले. भाऊजी माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. ब्रिजचाही उलगडा झाला. माझा रंग दोन पायऱ्या चुकला होता, धाकटीने रात्र व्हायच्या आत दुसरा करून माझ्या खुणेने पाठवला, मला बोल लागू नये म्हणून.

हे साखरेचं वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते सासूबाईंकडून कळलं. धाकटी.

मी काही बोलले नाही. सगळ्यांनी मिळून अंगावर पांघरूण घातलं तर ते फेकून कोण देतं? मात्र रोज जेवायला बसताना मला तो आकडा आठवतो. २६ मार्चला ब्रश मोडावासा वाटला तेव्हा साखर असेलही बोलत. ५ एप्रिललाही असेल. ३ मेला मी बोलत होते.

१४ जून

महिन्यात दोनदाच चक्कर आली, दोन्ही वेळा साठाच्या घरात. मागच्या टेबलावर बसून साधी कामं करते, दाढा वगैरे. दाढांकडे कोणी बघत नाही. तिथून धाकटीची पाठ दिसते आणि पाठीपलीकडे माझी खिडकी. रंग बघताना ती मधेच राखाडी कागदाकडे बघून डोळ्यांना विश्रांती देते, मी शिकवलं होतं तसं. पाच सेकंदांच्या वर एकदाही दाताकडे बघत नाही. चूक सापडावी म्हणून मी आठवडाभर मोजले.

चहा अजून तीच करते. मी पिते. पाहायला गेलं तर बरा असतो.

९ ऑगस्ट, शनिवार

अँटिबॉडी जवळजवळ गेल्या. हाताला कंप नाही. यांनी जाहीर केलं की सोमवारपासून मोठी पुन्हा खिडकीत बसेल. संध्याकाळी वर गेले तर धाकटी टेबल रिकामं करत होती. तिचे ब्रश, तिची काचेची पाटी, तिचा रुमाल. पुसून घेतलं, उजेडाकडे वाकून पुन्हा एकदा पुसलं. मला पुढे जाववेना. तीन महिने गिळलेलं वर आलं.

म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. ३ मेला जेवायच्या आधी मी साखर मोजली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एकशे चार."

"तुला कसं?" ती म्हणाली, "मशीन आकडे साठवून ठेवतं ना. त्याच दुपारी आईंची मोजायला घेतलं तेव्हा दिसला."

"आणि तरी सगळ्यांना सांगितलंस की साखर बोलत होती?"

तिने उरलेले ब्रश गुंडाळले. मग म्हणाली, "तुमच्यासाठी नाही सांगितलं, गैरसमज नको. त्या दिवशी थोरले भाऊजी मला म्हणाले, आता हिला वर येऊ द्यायचं नाही, टेबल कायमचं तुझं. मला ते तसं नको होतं. उद्या लोक म्हणाले असते, थोरली वेडी झाली म्हणून ही बसली. मला ते टेबल हवंय, ताई. पहिल्या दिवसापासून हवंय. तुम्ही नुसतं बघून रंग सांगायचात आणि भट्टीतून तोच बाहेर यायचा. मला जेवण जायचं नाही."

"तुला? माझा हेवा वाटायचा?"

"मग काय चेहऱ्याचा वाटणार होता?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. म्हणजे कॅप्सूल कशासाठी होत्या हे तिला तेव्हाच कळलं होतं. पुसायचं फडकं माझ्या हातात देत म्हणाली, "आणि राग गेलेला नाही माझा. विष घातलं म्हणालात मला, भरल्या पानावर. उद्यापासून तुमचा चहा तुम्ही करा."

करीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली आणि खाली गेली. मी रिकाम्या टेबलाशी बसले. सहा महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत होती. या घरात कोणीतरी माझ्यावर इतका काळ जळत होतं आणि मला पत्ता नव्हता.

सोमवारी साडेआठच्या आत वर जाऊन खिडकी धरायला हवी. ती पावणेनऊला येते.